आप्पांचं डोकं आणि मेहरू तांबोळी

मेहरू तांबोळीचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लिहिताना कुठं तिखट जास्त पडलं तर वाचणाऱ्याला त्याचं कारण माहीत असेल. आम्ही दोघी एकाच कामावर होतो, दोघींची पदवी एकच, मानसशास्त्रातली, आणि मार्क माझे जास्त होते.

काम असं होतं. पुण्याच्या एका संस्थेनं शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याचा अभ्यास काढला होता. वय वाढतं तसा मेंदू कसा बदलतो, कुणाचा लवकर झिजतो आणि कुणाचा शेवटपर्यंत शाबूत राहतो, हे बघायचं. त्यात रक्तदाबाचा वाटा किती, साखरेचा किती, बहिरेपणाचा, चुलीच्या धुराचा, मिश्री-तंबाखूचा, एकटेपणाचा किती, हे शोधायचं. आम्ही गावोगाव फिरून पंचावन्नच्या पुढची माणसं राजी करायची, त्यांच्या घरी बसून स्मरणशक्तीच्या चाचण्या घ्यायच्या आणि मग त्यांना जीपमधून पुण्याला एमआरआयला न्यायचं. तिथं मोठ्या लोहचुंबकाच्या यंत्रात निजवून मेंदूचे फोटो काढतात. सुई नाही, चिरफाड नाही. पण आमच्याकडं 'डोक्याचा फोटो' म्हटलं की माणसाला पहिली शंका येते ती ही, की आपल्याला येडं ठरवायचा बेत दिसतोय.

मला या कामाची ओढ होती ती घरच्या कारणानं. तळेगाव ढमढेऱ्याच्या घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे आप्पा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. लग्न माझं झालं नाही, त्याची कहाणी वेगळी आहे, ती इथं नको. आप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. शिरूरच्या स्टँडवर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठं जाणार, वाटेत कुठं थांबणार, हे माइकवरून सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पुढ्यातल्या कागदाकडं ते कधी बघत नसत, आणि त्याचा त्यांना ताठा होता. आता तेच आप्पा चहात साखर घातली की नाही हे विसरत होते. मला कळत होतं आणि त्यांनाही कळत असावं. पण ते मला सांगत नव्हते. त्यांनी ते माझ्याजवळ बोलावं आणि एकदा त्या यंत्रात निजावं, एवढंच मला हवं होतं. अख्ख्या तालुक्याला राजी करत हिंडणारी मी, घरातल्या एका माणसापुढं हात टेकून बसले होते.

"माझ्या डोक्याला काय झालंय गं?" ते म्हणायचे. "तुझ्या साहेबाला म्हनावं, पैलं सोताचं डोकं तपास."

मेहरू उंचपुरी होती. डोळ्यांत सुरमा, ओढणी कधी जागेवर नाही आणि आवाज असा, की ती गल्लीच्या तोंडाशी आली की शेवटच्या घरातली म्हातारी पदर सावरून बसायची. स्वतःच्या रूपावर तिचं मनापासून प्रेम होतं. जीपच्या आरशात ड्रायव्हरला मागचा रस्ता कमी आणि मेहरू जास्त दिसायची, कारण आरसा तिनंच आपल्याकडं फिरवून घेतलेला असायचा. जीप सुटली की ती मिनिटभरात झोपायची आणि गाव आलं की ताजीतवानी उठायची. कागदपत्रं लिहायचा तिला कंटाळा, ती मी लिहायची. वेळेवर ती कधीच आली नाही. शिरूरात जन्मलेली, शिरूरात वाढलेली बाई, पण पुढच्या चौकात डावीकडं वळायचं की उजवीकडं, हे तिला दरवेळी विचारावं लागायचं. असं असूनही लोक तिच्याशीच बोलायचे.

मी घरून डबा आणि पाण्याची बाटली घेऊन निघायची. मेहरू हात हलवत यायची. कुठल्याही घरात जे पुढं येईल ते खायची, शिळी भाकरी असली तरी मिरचीचा ठेचा मागून घ्यायची. एकदा मला म्हणाली, "सुमन, डबा घेऊन गेलेल्या मानसाला कुनी घरात घेत न्हाई. वट्ट्यावर बसवतात." मला राग आला. पण मी खरंच बहुतेक ठिकाणी ओट्यावरच बसलेली असायची.

तिच्या वडलांचं शिरूरला पानाचं दुकान होतं. त्यामुळं बाजाराला आलेला कुणीही म्हातारा तिला विचारायचा, "तांबोळ्याची का तू?" मग झालंच. "व्हय मामा. अब्बांच्या हातचं पान खाल्लंय ना? मग आता माझं गुमान ऐकायचं." आमच्या तळेगावच्या आठवडे बाजारात मी एकेका माणसाला बाजूला घेऊन, नमस्कार करून, अभ्यासाचा हेतू सांगत होते. ऐकून घेऊन माणसं "बघू" म्हणून सटकत होती. मेहरू भाजीवालीशी वांग्यावरून भांडत होती. भांडता भांडता म्हणाली, "मावशे, वांगं दाबून, फिरवून, देठ बघून घेतीस. सोताचं डोकं कवा बघितलंस का?" मावशी म्हणाली, "डोकं कसं बघायचं बया?" तेवढ्यावर भोवती घोळका जमला. मेंदू म्हंजी काय देव्हारा न्हाई सोवळ्यात ठेवायला, हे तिचं ठरलेलं वाक्य. तांबोळ्याच्या पोरीच्या तोंडून सोवळं ऐकून म्हातारे खुदुखुदु हसायचे आणि हसता हसता नाव सांगून टाकायचे. माझ्या गावात, माझ्या ओळखीच्या लोकांत, दिवसभरातली सगळी नावं तिनं मिळवली. मी ती सुवाच्य अक्षरात लिहून घेतली.

भांडगावच्या सोनाबाईची गोष्ट तर आमच्या कामावर सगळ्यांनाच पाठ आहे. एमआरआयच्या खोलीत अंगावर धातू चालत नाही. सोनाबाई पुण्यापर्यंत हसत आली, बांगड्या उतरवल्या, जोडवी साबण लावून काढली, पण मंगळसूत्राला हात लावू देईना. "मालक भाईर बसल्यात जित्तेजागते, आन् मी गळा मोकळा करू?" मी तिला लोहचुंबक समजावून सांगितला. चांगला समजावला, अजूनही मला तसंच वाटतं. ती ऐकत होती, मान हलवत होती आणि मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून बसली होती. मागं पाच माणसं रांगेत होती, आत तंत्रज्ञ घड्याळ बघत होता.

मेहरू उठून बाहेर गेली आणि समोरच्या किराणा दुकानातून हळकुंड आणि दोरा घेऊन आली. हळदीनं दोरा पिवळा केला, त्यात हळकुंड बांधलं आणि बाकावर बसलेल्या सोनाबाईच्या नवऱ्याला हाक मारली. "मामा, हिकडं या. हे तुमीच बांधायचं. मंग ते काढायचं. गळा एक मिनिट मोकळा राहायचा न्हाई." म्हातारा लाजला. गाठ बसेना. तेवढ्यात मेहरूनं मंगलाष्टकं सुरू केली. शेजारपाजारच्या लग्नांत ऐकून तिला ती पाठ होती, आणि आवाज तर तो तसा. रांगेतल्या एका आजीनं पदराच्या गाठीतले फुटाणे अक्षता म्हणून टाकले. आतून डॉक्टर काय गोंधळ आहे म्हणून चिडून बाहेर आले ते सावधान ऐकून दारातच उभे राहिले. सोनाबाई तोंडाला पदर लावून नव्या नवरीसारखी यंत्राकडं गेली.

हळकुंडाची रीत मला माहीत नव्हती असं नाही. माझ्या आईचं मंगळसूत्र एकदा तुटलं, तेव्हा सोनाराकडून येईपर्यंत तिनं हळकुंडच बांधलं होतं आणि मी ते बघितलं होतं. मेहरूच्या घरात ही रीत असायचं कारण नाही. माझ्या घरातली रीत, आणि सुचली तिला. त्या दिवसापासून प्रत्येक फेरीला जीपमध्ये हळकुंडं असायची आणि पुण्याचे साहेब त्याला 'मेहरूची पद्धत' म्हणायचे. मी तोंडावर हसायची. हळकुंडांचा खर्च मीच वहीत लिहायची.

पण सगळ्यांत जास्त हसायला लावलं ते केडगावच्या पुढच्या एका वाडीनं. आमच्या चाचणीत काही साधे शब्द वाचून दाखवतात. ते ऐकायचे, मग थोडा वेळ दुसरं काहीतरी चालतं, आणि नंतर त्यातले आठवतील तेवढे सांगायचे. पहिल्या दिवशी वाडीत दोघांच्या चाचण्या झाल्या. पुढच्या आठवड्यात मी गेले तर जो तो सगळे शब्द न चुकता सांगत होता. क्रमही तोच. कमी ऐकू येणाऱ्या एका आजीनं तर मी ओळखपाळख काढायच्या आतच सुरुवात केली. विळा, उंबर, चटई, तिची आगगाडी थेट शेवटच्या शब्दापर्यंत गेली.

झालं होतं असं, की माजी सरपंच माणिकआबांच्या कानावर आलं होतं, भांडगावातही हीच परीक्षा आहे. भांडगाव पुढं जाऊन आपली वाडी मागं पडली तर काय अब्रू राहिली? म्हणून पहिल्या दोघांकडून त्यांनी शब्द काढून घेतले आणि संध्याकाळी आरती झाली की देवळात सगळ्यांकडून म्हणून घ्यायला लागले. एकीकडं प्रसाद, एकीकडं पाठांतर.

मी कपाळाला हात लावला. मेहरू हसून हसून देवळाच्या पायरीवर बसली. मग उठली आणि माणिकआबांपुढं जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आबा, वैद्याकडं जाताना शेजाऱ्याची नाडी घेऊन जाता का?"

आबा म्हणाले, "न्हाई."

"मंग? ज्याचं त्याला इसरू द्या की. इसरलं तर कळंल काय दुखतंय. समद्यांनी पाठ केलं तर आमी काय तपासायचं, तुमचं देऊळ?"

आबा वरमले. मेहरूला त्यांनी जेवायला बसवलं. दुसऱ्या शब्दांची यादी मागवणं, झालेलं सगळं पुण्याला कळवणं आणि वाडीत पुन्हा घरोघर जाणं, हे मी केलं. बैठकीत साहेब म्हणाले, "मेहरूनं गाव छान सांभाळलं." ती म्हणाली, "सर, गाव काय, गोड हाय." माझं नाव घ्यायचं तिला सुचलं नाही. वाईट हेतूनं नव्हे, सुचलंच नाही, आणि ते मला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मी ही वाडीची गंमत आप्पांना सांगितली. मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. ताटातली आमटी ढवळत म्हणाले, "मंग त्यांचं काय चुकलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अलीकडं रोज सकाळी न्हाणीघरातून आप्पांचं पुटपुटणं ऐकू यायचं. शिरूर, न्हावरा, केडगाव, चौफुला. मी त्याला जुनी सवय समजत होते. ते पाठांतर होतं. वाडीतले लोक गावाच्या अब्रूसाठी शब्द घोकत होते, आणि माझे आप्पा माझ्यापुढं पास व्हायला गाड्या घोकत होते. मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला काही आठवत नाही का हल्ली?" ते म्हणाले, "जेव." विषय तिथं संपला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आप्पा शिरूरला गेले आणि फार उशिरा घरी आले. न्हावऱ्याला एका दोस्ताला भेटायला गेलो होतो, म्हणाले. न्हावऱ्याला त्यांचा कुणी दोस्त नाही. मी खोदून विचारलं, तर टीव्ही मोठा करून बसले.

त्याच आठवड्यात एका दुपारी मेहरू मला घ्यायला घरी यायची होती. नेहमीसारखी रस्ता चुकून, उशिरा आली. उंबऱ्यातून आत येतानाच म्हणाली, "आप्पा, भूक लागलीय." मी स्वयंपाकघरात भाकरी टाकत होते. दार उघडं होतं, आणि तिचा आवाज ऐकायला दार उघडं लागतंच असंही नाही.

"कुठनं आलीस एवढी फिरून?" आप्पांनी विचारलं.

"कळलं न्हाई आप्पा. मला समदे रस्ते सारखेच दिसत्यात. हिकडं ऊस, तिकडं ऊस, म्होरं ऊस."

आप्पा हसले. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मेहरू एवढा वेळ गप्प बसू शकते हे मला ठाऊक नव्हतं. मी असते तर काहीतरी विचारलं असतं.

"मी बी चुकलो व्हतो बाई," आप्पा म्हणाले. "आपल्याच स्टँडवर. तळेगावच्या गाडीत बसायचं, तर न्हावऱ्याच्या गाडीत बसलो."

"मंग?"

"मंग काय. उतरलो. च्या प्यालो. गाड्या येत व्हत्या, पाट्या वाचत व्हतो, पर कुठल्या गाडीत बसायचं ते उमगंना. मी लोकांला गाड्या सांगायचो गं."

"भ्या वाटलं?"

"लई."

तव्यावरची भाकरी करपली. तो 'लई' माझ्या वाट्याचा होता. किती महिने मी त्याची वाट बघत होते. जेवण वाढलं, धुणं धुतलं, डॉक्टरांच्या वेळा घेतल्या, आणि तो शब्द त्यांनी एका दुपारी, रस्ता चुकून आलेल्या बाईला देऊन टाकला. मी भाकऱ्या घेऊन बाहेर गेले तेव्हा आप्पा तिला म्हणत होते, "ते तुमचं यंत्र कसं असतं म्हनलीस?"

"जुन्या एसटीत मागच्या सीटवर निजल्यावानी. लई खडखड वाजतं, पर गाडी कुठं जात न्हाई."

"मंग येतो," आप्पा म्हणाले.

आमच्या कामात एक नियम होता. आपल्या नातलगाची चाचणी आपण घ्यायची नाही आणि त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय निकालही बघायचा नाही. नियम योग्यच होता. त्यामुळं आप्पांची चाचणी मेहरूनं घेतली, फोटोच्या वेळी आत मेहरू होती, आणि मी बाहेर, इतरांच्या नातेवाइकांसोबत बाकावर. काचेतून पलीकडची खोली दिसायची. पडदा माझ्याकडं पाठ करून होता, त्यावर काय उमटतंय ते मला दिसत नव्हतं. मला दिसत होता पडदा बघणाऱ्या मेहरूचा चेहरा. त्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तंत्रज्ञानं बोटानं काहीतरी दाखवलं, तिनं मान हलवली. ज्या माणसाच्या घरात मी जन्मले त्याचं डोकं आतून कसं दिसतं, हे तिनं पाहिलं आणि मी नाही. आयुष्यात मला कुणाचा इतका हेवा वाटला नव्हता.

बाहेर आल्यावर आप्पा तिच्याशी कोपऱ्यात जाऊन बोलले. मला एवढंच म्हणाले, "झालं. भजी खाऊ कुठंतरी."

आता गंमत बघा. ही बाई जगातलं सगळं बोलायची. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या बांधावरून काय, साहेबांच्या बायकोची भिशी कशी मोडली, काही म्हणजे काही पोटात ठेवायची नाही. कागदावर सही राहिली तर "ऱ्हाऊ दे गं" म्हणायची. पण आप्पांच्या निकालाचं विचारलं की तोंडाला कुलूप. सगळे नियम मोडून झाल्यावर पाळायला तिला हाच एक सापडला.

शेवटी एकदा भांडगावला हायवेच्या कडेला चहा पिताना मी तिला धरलं. "तो माझा बाप आहे, मेहरू."

"ठाव हाय."

"मग सांग."

"न्हाई. ते म्हनले, सुमनला माझं मी सांगीन."

"ते सांगत नाहीत. मी रोज विचारते."

"काय इचारतीस?"

"हेच. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, कोण आलं होतं. काळजीनं विचारते."

मेहरूनं चहावर फुंकर मारली. "मला म्हनले ते. पोरगी घरात बी परीक्षा घेती म्हनले. मला हपिसातली बाई नगं, लेक पायजे." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "सांगायचं नव्हतं. निसटलं."

मी चहा टाकून उठले. मी विचारत होते त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. दुसरं कोण विचारणार होतं? पण आपल्या बापाला आपल्याबद्दल काय वाटतं हे परक्या बाईच्या तोंडून ऐकायची वेळ शत्रूवरही येऊ नये. त्या दिवशी परतताना मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिला ते कळलंच नाही, ती झोपली होती.

घरी आल्यावर मी प्रश्न बंद केले. रुसून बंद केले, शहाणपणानं नव्हे. आप्पा मात्र बदलत होते. रक्तदाबाच्या गोळ्या मी वर्षभर हातात देत होते तेव्हा त्या उशीखाली सापडायच्या. आता स्वतः काढून घेत होते. कानाचं यंत्र मी आणलेलं, कपाटात धूळ खात पडलेलं, ते एक दिवस कानात दिसलं. "मेहरू मॅडम म्हनल्या, कान गेला की डोकं बी मागनं जातं," आप्पा म्हणाले. हेच मी त्यांना कितीदा सांगितलं होतं. पण तेव्हा त्यांच्या कानात यंत्र नव्हतं, असं मी मनाचं समाधान करून घेतलं. संध्याकाळी ते पारावर जाऊन बसायला लागले, तेही मॅडमनं सांगितलं म्हणून. एकटं बसू नका, म्हणाली होती. घरात मी होते, तरी एकटं.

त्यांची तब्येत सुधारत होती याचा मला आनंद होता. त्याचं श्रेय मेहरूचं होतं म्हणून तो आनंद मला नीट साजराही करता येत नव्हता.

मग मेहरूला दक्षिणेत कुठल्याशा मोठ्या संस्थेत जागा मिळाली. तिथंही हेच काम, पगार जास्त, खेडी दुसरी. भाषा येत नाही म्हटलं, तर म्हणाली, "भूक लागली एवढं म्हनता आलं की झालं." तिची गाडी दौंडवरून होती. आप्पा म्हणाले, मी पोचवायला येणार. मी कॉलेजला पहिल्यांदा पुण्याला राहायला गेले तेव्हा आप्पा ड्यूटीवर होते, हे मला नेमकं तेव्हाच आठवलं. मळ्यातले पेरू त्यांनी स्वतः निवडून पिशवीत भरले.

दौंडच्या फलाटावर मेहरूचे घरचे कुणी नव्हते. ते शिरूरलाच निरोप देऊन थांबले होते. ती नेहमीच्या थाटात होती. हमालाशी भांडली, शेजारच्या कुटुंबातल्या म्हातारीला विचारून घेतलं की बीपीची गोळी घेतली का. गाडी लागली. तिनं आप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाली, "चल गं भांडखोर." मी म्हटलं, "पोचलीस की कळव."

तिची खिडकी फलाटाच्या बाजूची होती. मला वाटलं, आता गाडी सुटेपर्यंत हिचा हात बाहेर आणि बडबड सुरू. पण ती आत गेली आणि एका माणसाला उठवून त्याच्या जागेवर बसली, पलीकडच्या खिडकीशी, आमच्याकडं पाठ करून. गजांतून मला तिची पाठ दिसली आणि खांद्यावरून घसरलेली ओढणी. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. जिला चार माणसं दिसली की बोलल्याशिवाय राहवायचं नाही, ती बाई. जाता जाताही मला तिचा राग आला. गाडी हलली, वेग धरला आणि सिग्नलच्या पुढं गेली.

"गेली का?" आप्पांनी विचारलं.

"गेली."

"दिसत न्हाई ना आता?"

"नाही."

आप्पा बाकावर बसले आणि त्यांनी शेजारची जागा हातानं झाडली. "बस. हितं, जवळ बस. तिला म्हनलं व्हतं, तू नजरंआड झाल्यावर सांगीन. ती म्होरं असती तर तू तिलाच इचारलं असतंस, आन् तिनंच सांगितलं असतं. मला माझं सांगायचं हाय."

मी बसले.

"आदी एक. मधी इचारू नगंस."

मी मान हलवली.

आप्पा समोरच्या रिकाम्या रुळांकडं बघत बोलू लागले. डोक्याच्या फोटोत पांढरे ठिपके दिसलेत, म्हणाले. एका ठिकाणी मेंदू वाळलाय, जरा जास्त वाळलाय. हे वाढत जाणार, पण गोळ्या घेतल्या, माणसांत राहिलं तर सावकाश वाढंल. काही दिवसांनी गाड्या जातील, मग माणसांची नावं जातील. तुझं नाव शेवटी जावं असं मला वाटतं, पण ते माझ्या हातात न्हाई. एवढं ते एका दमात म्हणाले. मग म्हणाले, "ते ठिपके कशानं, तर रगताच्या त्या बारीक... त्या असत्यात ना, डोक्यातल्या, बारीक..."

ते थांबले. हात हवेत तसाच राहिला. चाचणीत माणूस असा अडला की गप्प बसायचं, शब्द सुचवायचा नाही. मेहरू गप्प बसली असती. तिनं वाट पाहिली असती, आणि तिला तो शब्द मिळालाही असता.

"नळ्या," मी म्हटलं.

"हां, नळ्या," आप्पा म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून पुढचं सांगू लागले.